साळुबाईंच्या भिंतीवरचा दिवा

नारायणगाव, ३ डिसेंबर २०२४

चि. जागृतीस लालचंदकाकाचे अ. उ. आ. जय जिनेंद्र.

फोनवर तुझी काकू ऐकेल आणि मला डिंभे धरणाकडे जाऊ देणार नाही, म्हणून पत्र. बिबट्याला बुजवायला आपण आपल्या कारखान्यात बनवतो ते लुकलुकते दिवे तिथल्या वस्तीवर घरोघरी आहेत. वनखात्याचे लोक गळ्यात रेडिओपट्टा असलेली एक बिबट्याची मादी शोधताहेत. पण दिव्यांजवळ गेलं की त्यांच्या यंत्रात नुसती घरघर; पट्ट्याची टिकटिक त्यात बुडते. तिनं वस्तीतली कुत्री मात्र नेली. छोट्या कारखान्यांचा माल नियमात बसवणं हेच तुझं काम. काका धूर निघाल्यावरच बोलावणार, असं म्हणून तू हसायचीस. तर निघाला, ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
लालचंदकाका

पुणे, ११ डिसेंबर २०२४

ती. काकांस जागृतीचा शि. सा. न. वि. वि.

वस्तीवरून आणलेला दिवा तपासला. आतलं स्वस्तातलं सर्किट उजेडाबरोबर रेडिओलहरीही फेकतंय. असा माल विकता येत नाही, काका, आणि विकूही नये. या पार्सलात फिल्टर आणि पत्र्याचे डबे आहेत. वस्तीच्या टोकाला एकट्या राहतात त्या साळुबाईंकडे आधी बसवा, त्यांच्या दिव्याची घरघर सगळ्यांत मोठी. दिवा आणायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला हात धरून बसवलं. सांगत होत्या, की मालक गेले तरी रिकाम्या गोठ्याच्या भिंतीतून त्यांचा श्वास ऐकू येतो, लई बरं वाटतं, झोप लागते. मी नुसती मान डोलावली.

तब्येत सांभाळा, काकूंना नमस्कार.
आपली जागृती

नारायणगाव, १५ डिसेंबर २०२४

चि. जागृतीस अ. उ. आ.

वनखात्याच्या माणसांना घेऊन परवा सकाळीच साळुबाईंकडे गेलो. फिल्टर बसवला, दिवा लावला. घरघर गेली आणि टिकटिक सुरू झाली. यंत्र उसाकडे फिरवलं की आवाज मंद, गोठ्याच्या भिंतीकडे वळवलं की मोठा.

ती गोठ्यात होती. आपल्याच दिव्याखाली, भिंतीला पाठ लावून निजलेली. पलीकडे साळुबाईंची खाट.

बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातली. साळुबाई पिंजऱ्याला कान लावून उभ्या राहिल्या. मागे ओढलं तर रागावल्या, की तुमी पावणं, तुमाला काय ठावं.

सगळे दिवे दुरुस्तीला परत मागवलेत. साळुबाईंनी आपला काढूनच न्यायला लावला. त्यांचा शेजारी सोपान काल सांगत होता, की त्यांनी गोठ्यात ताजं गवत अंथरलंय आणि दार सताड उघडं ठेवलंय.

सवड काढून ये. मला एकट्याला तिकडे जाववत नाही.

तुझा काका