घासलेला दात

अत-बाशी,
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय भाऊजी,

सलाम. आई बऱ्या आहेत, गुडघे तेवढे दुखतात. तांबूस घोडीला वसंतात शिंगरू झालं. तिकडे रशियात, त्युमेनमध्ये तुम्हाला कोण रांधून घालतं, असं आई विचारतात. मी काय सांगणार? दोन वर्षांत तुमची एक ओळ नाही. मीही लिहिलं नाही.

सप्टेंबरात लांडग्यांनी आपली अकरा मेंढरं फाडली, म्हणून बंदूक बाहेर काढली. हो, तीच. त्या दिवसापासून लोकरीच्या नमद्यात गुंडाळून पडली होती. नळीत उकळतं पाणी ओतायचं कुणालाच सुचलं नव्हतं. जुन्या लष्करी काडतुसांनी नळीत मीठ राहतं आणि ती गंजते, म्हणून तुमचे दादा शिकारीहून आले की समोवारचं पाणी आधी बंदुकीला द्यायचे, मग माणसांना चहा. आता नळी आतून खरजुल्यासारखी झालेली, बोल्ट जाम.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या झापार अकेंकडे नेली. नळीवरचं १८९८ साल बघून ते म्हणाले, ही माझ्या आजीच्या वयाची. स्वभावही तोच, गरम पाण्याशिवाय हलायची नाही. चार दिवस रॉकेलमध्ये भिजवली, नळी घासली, तडकलेल्या दस्त्याला कच्चं कातडं आवळलं. मी शेजारी बसून त्यांच्याकडचं बंदुकीचं जुनं रशियन माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन वाचत होते.

पाचव्या दिवशी त्यांनी रिकाम्या बंदुकीचा बोल्ट ओढून बंद केला आणि दस्ता जमिनीवर आपटला. आत खट्ट झालं. चापाला कुणाचं बोट नव्हतं. पुन्हा आपटला, पुन्हा खट्ट.

"बंदुकीचा घोडा अडवणारा आतला दात घासलाय कुणीतरी, चाप हलका व्हावा म्हणून," ते म्हणाले. "कुणी केलं हे, बुरुल्चा?"

"मला काय माहीत."

भाऊजी, मला माहीत होतं. त्या शिकारीच्या आदल्या आठवड्यात तुमच्या दादांनी कानस मागितली, ती मीच शोधून दिली. पोलादाचा भुगा मीच पुसला. ते हसून म्हणाले होते, आता नुसतं रागानं बघितलं तरी उडेल. आपल्याकडचे शिकारी करतातच असं. मीही हसले होते.

तुम्ही त्यांचं प्रेत घोड्यावरून आणलंत आणि सांगितलंत की बंदूक त्यांनी तुमच्याकडे धरायला दिली होती. उतारावर तुमचा घोडा घसरला, दस्ता खडकावर आदळला, पुढे ते होते. म्हाताऱ्यांनी विचारलं, बोट चापावर होतं ना? तुम्ही म्हणालात, आठवत नाही. ते म्हणाले, म्हणजे होतंच. मला त्याच क्षणी कानस आठवली.

मग दफनाआधी मुल्लांनी विचारलं, गेलेला माणूस कसा होता? सगळे म्हणाले, चांगला होता. मी यर्टच्या तंबूत बायकांबरोबर तेच म्हणाले. एकदा तसं म्हटल्यावर त्यांची चूक तोंडातून काढायची कशी? चाळीस दिवस होऊ देत, म्हटलं. मग वर्षाचं जेवण होऊ देत. तोवर तुम्ही गेला होतात, आणि खरं सांगते, तुम्ही गेल्यावर मला बरं वाटलं होतं.

झापार अकेंनी नवा दात घडवून बसवला. दस्ता दहा वेळा आपटला, आतला घोडा सुटला नाही. काल घळीत जाऊन मी तीन गोळ्या झाडल्या. तिसरी निशाणावर लागली. खांदा अजून दुखतो. परत येऊन नळीत पाणी ओतलं, आणि मग आधी झापार अकेंना, नंतर आईंना सगळं सांगितलं.

आईंनी हातातली लोकर विंचरून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "दोन गेले माझे. एकाला तू थांबवू शकली असतीस."

मी हो म्हणाले.

"लिही त्याला. आणि मला वाचून दाखव, नाहीतर काही गाळशील."

इथपर्यंत वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. शुक्रवारी नमाजानंतर झापार अके म्हाताऱ्यांसमोर तो जुना दात ठेवणार आहेत, आणि माझं म्हणणं मी स्वतः सांगणार आहे. घरी या म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. तो आईंना आहे, आणि त्या म्हणतात, या.

माहीत असून गप्प बसलेली,
तुमची वहिनी
बुरुल्चा