लाल अस्तर

प्रिय मयूर,

एकाच घरात राहणाऱ्या मुलाला आईने पत्र लिहायचं म्हणजे कमालच झाली, कळतंय मला. पण गेले तीन आठवडे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘डबा दे’ यापलीकडे तू माझ्याशी बोललेला नाहीस. मी तोंड उघडलं की तू मोबाइल कानाला लावतोस. पलीकडे कुणी नसतं, तेही मला माहीत आहे. म्हणून हा कागद डब्याच्या पिशवीत ठेवतेय. जेवणाच्या सुट्टीत सावकाश वाच. वाचून झाल्यावर लगेच गाडीवर बसू नकोस, थोडं पाणी पी, हवं तर कंपनीतल्या कुणाशी भांड, पण तसल्या डोक्याने गाडी चालवू नकोस. तू अंबडहून घरी पोचेपर्यंत माझं कशात लक्ष नसतं. परवा एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या मी.

त्या सोमवारी तू पहिली पाळी करून आलास आणि हातपायसुद्धा न धुता ताटावर बसलास. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एक बाई स्कूटीवरून पडलेली होती म्हणालास. चार माणसं नुसती बघत उभी होती. तू गाडी हळू केलीस, तिने तुझ्याकडे बघितलं, आणि तू पुढे निघून आलास. ‘तुझी शपथ पाळली,’ एवढं बोलून ताट सरकवलंस. आणि मी काय म्हणाले? ‘बरं केलंस, वरण वाढू का?’ असं कसं बोलले रे मी! जीभ झडली नाही माझी. तू उठून गेलास ते आजतागायत माझ्यासमोर धड जेवलेला नाहीस. ती बाई कोण, तिचं पुढे काय झालं, हे तुला कळलं नाही आणि आता कळणारही नाही. तू आरशासमोर उभा राहिलास तरी मला ती बाईच आठवते, मग तुझं काय होत असेल.

शपथ मी घातली होती. तुझ्या पप्पांच्या दहाव्याला गोदावरीवरून घरी आलो, तेव्हा तू सोळाचा. सगळे पाहुणे बघत होते. मी तुझा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणायला लावलं की रस्त्यात कुणीही पडलेलं दिसू दे, मी थांबणार नाही. लोकांना वाटलं, बिचारी, नवरा गेलाय, बोलू द्या. पण शपथ मोडली तर आई मरते, हे तुझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. तिसरीत असताना कुठल्यातरी गोटीवरून तू माझी खोटी शपथ घेतलीस आणि मग दिवसभर माझ्या पदराला लोंबकळून ‘सुटली म्हण ना आई, सुटली म्हण’ करत रडलास. मी हसत होते. असल्या पोराला मी ही शपथ घातली, आणि त्याने नऊ वर्षं पाळली.

तू अबोला धरल्यावर चौथ्या दिवशी मी शेजारच्या छायाकडे गेले. ती दवाखान्यात नर्स, तिला बरोबर माहीत असणार. खरं सांगते, मी काही शिकायला गेले नव्हते. ‘काकू, मयूरच्या हातात काहीच नव्हतं,’ एवढं तिच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे रात्री झोप लागली असती. ती म्हणाली, तिथे न थांबताही थोडं पुढे जाऊन, गाडी कडेला घेऊन एकशेआठला एक फोन तरी करता आला असता. मग मी चिडून विचारलं, आणि थांबला असता तर? तिने भाजी निवडता निवडता सगळं सांगितलं. आधी स्वतःचा जीव बघायचा, मागून येणाऱ्या गाड्या थोपवायच्या. पडलेल्याला ओढायचं नाही, उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. श्वास चालू असेल तर हेल्मेटला हात लावायचा नाही. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. आणि पोलिसांचं काय, म्हटलं. तर मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही म्हणे, दवाखानाही त्याला अडकवून ठेवत नाही. मी घरी आले ती जास्तच घाबरून. कारण पहिलंच वाक्य तिने जे सांगितलं, मागच्या गाड्या थोपवायच्या, ते मी आधी एकदा ऐकलेलं होतं. कुणाकडून, ते खाली सांगते.

परवा मंगळवारी मी मेन रोडवरून अस्तराचं कापड घेऊन शेअर रिक्षाने येत होते. पेठ रोडच्या वळणावर आमच्या डोळ्यांदेखत एका माणसाची मोटारसायकल घसरली. गाडी एकीकडे, तो रस्त्याच्या मधोमध. रिक्षातले सगळे धावले आणि मी एकटी वेड्यासारखी मागे बघत राहिले. नऊ वर्षं मी रस्त्यावर आधी मागेच बघते. काही सुचेना, मग पिशवीतलं लाल अस्तर ओढून काढलं, दोन मीटरचं, आणि मागे वळणाच्या तोंडाशी पळत गेले. पळत, या गुडघ्यांनी! रस्त्याच्या कडेला उभी राहून कापड हलवत सुटले. रिक्षावाल्या कारभारीला ओरडून सांगितलं की रिक्षा त्या माणसाच्या मागे आडवी लाव, दिवे लुकलुकते ठेव आणि फोन कर. त्याने मुकाट्याने केलं, माझा अवतार बघून घाबरला असेल.

तिकडे गर्दीत एकच गलका, बसवा त्याला, हेल्मेट काढा, पाणी द्या. भाजीवाल्या सिंधुबाईने तर बाटलीचं बूच उघडलंसुद्धा. मी तिथूनच अशी खेकसले की बाई जागच्या जागी थिजली. हलवू नका, पाणी पाजू नका, नुसतं जवळ बसून बोला म्हटलं. मग ती माउली खरंच त्याच्या उशाशी बसली, त्याचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं आणि ‘मामा, हालू नको, गाडी येऊन राहिली’ म्हणत राहिली. झुंबर नाव त्याचं, पेठकडचा. घरी सांगू नका, ती घाबरंल, एवढंच घोकत होता.

आणि मयूर, तेवढ्यात वळणावरून पाण्याचा टँकर आला. भरलेला, भरधाव. मी किंचाळले की नाही आठवत नाही, पण हात खाली केला नाही. ब्रेक असे कचकन लागले की अजून कानात आहेत. रिक्षापासून दहा हातांवर थांबला. नंतर रुग्णवाहिका आली, झुंबरला फळीवर घेऊन गेली. छायाने चौकशी केली, पाय मोडलाय, पण माणूस शुद्धीत आहे. मी मात्र फुटपाथवरच बसले. सिंधुबाईने तीच बाटली माझ्यापुढे धरली. म्हणाली, त्याला नाय तर नाय, तू तरी पी आता.

आता जे नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही ते. आम्ही घोटीहून गाडीवर तांदूळ घेऊन येत होतो आणि विल्होळीजवळ तो मोटारसायकलवाला पडलेला दिसला म्हणून पप्पा थांबले, एवढं तुला ठाऊक आहे. पण त्याच्याकडे धावताना ते मला म्हणाले होते, ‘मोहिनी, तू मागे जा, गाड्यांना हात कर.’ मी गेले नाही. उशीर झाला म्हणून फुरंगटले होते. शिवाय तांदळाची गोणी रस्त्याकडेला ठेवलेली, कुणी उचलून नेली तर? मी गोणीवर हात ठेवून उभी राहिले. मागून टेम्पो आला. ज्याला उचलायला पप्पा गेले होते तो वाचला. तुला वाटत आलंय की तुझे पप्पा थांबले म्हणून गेले. तसं नाही रे. त्यांना सगळं बरोबर माहीत होतं. मागे उभं राहायचं काम माझं होतं. ते माझ्याने बोलवेना, म्हणून मी तुला शपथ घातली आणि सगळा दोष थांबण्यावर ढकलला.

मला माफ कर असं म्हणायला मी हे लिहिलेलं नाही. तुला राग आला तर ये, भांड, आदळआपट कर, मी ऐकून घेईन. लिहिलं ते एवढ्याचसाठी, की शपथ घालणाऱ्यानेच ती सोडवायची असते आणि तोंडाने सांगायला गेले तर मी रडेन आणि अर्ध्यातच राहील. लाल अस्तराच्या कडा दुमडून शिवल्यात, तुझ्या गाडीच्या डिकीत ठेवलंय. कुणी पडलेलं दिसलं तर थांब. तुझी गाडी कडेला लाव, आधी मागे बघ, एका माणसाला हे कापड देऊन मागे उभं कर, आणि मगच पुढे जा. कुणीच नसेल तर मागे उभा राहून फोन कर, तेही थांबणंच आहे. मला भीती वाटणार आहे, रोज वाटणार आहे, ती माझी मी बघेन. आत्ता स्वयंपाकघरात एकटी आहे, स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवलाय आणि मोठ्याने म्हणतेय. सुटली, मयूर. सुटली. आता डबा पूर्ण खा.

तुझीच,
आई