पाण्याला माझं नाव सांग

आई,

कॅनबेराला तुझी डोरीन मजेत आहे. संसदेसमोरच्या आमच्या तंबूत थंडी वाजते, पण बार्नीमामानं त्याचा कोट मला दिलाय. तुझा गुडघा कसा आहे?

परवा एक पोलीस दरडावून म्हणाला, “इथं बसायची परवानगी कोणी दिली?”

मामा म्हणाला, “ही जमीन मुळात ज्यांची, त्या इथल्या आदिवासी म्हाताऱ्यांनी. आल्या आल्या विचारलं आम्ही. तुम्ही गोऱ्यांनी कधी विचारलंत?”

मग पोलिसांनी तंबू उपटले, आम्ही पुन्हा ठोकले. मला थोडं खरचटलंय, काळजी करू नकोस.

आपली जमीन परत मिळेपर्यंत मी हलणार नाही. तोवर तू डोहात मूठभर वाळू टाकून आपली ओळख सांगतेस ना, तेव्हा माझंही नाव घेत जा. मी येईन तेव्हा पाण्यानं मला परकी समजू नये.

तुझीच,
डोरीन