गुलाबपाणी किती दिवस टिकतं

शिरूर, शुक्रवार १६ जानेवारी

संध्याकाळपासून ती बाटली डोक्यातून जात नाहीये.

खुटबावहून मामीनं गावठी गुलाब पाठवले होते. अम्मी आता खाटेवरून उठत नाही, पण गुलाबपाणी काढताना पडल्या पडल्या सूचना चालूच. पातेल्यात मधे वाटी, झाकण उलटं, वर बर्फ. "बाटली उकळून वाळवली का? गळ्यापतूर भर, हवा ऱ्हायली की नासतंय."

बाटली भरली. नेहमीसारखा तिच्या डोळ्यांवर ठेवायला कापूस भिजवणार, तर तिनं हात धरला.

"डोळ्यांना नको. तशीच बंद ठेव. फ्रीजमधी किती टिकंल?"

मला वाटलं, परीक्षा घेतीय. "सहा महिने तरी," म्हणाले.

"मग पुरंल." आणि भिंतीकडं वळली.

कशाला पुरंल, ते बाटली फ्रीजमध्ये ठेवताना कळलं. आमच्यात कफनावर गुलाबपाणी शिंपडतात. अब्बांच्या वेळी दुकानातलं आणलेलं, तिला तो वास सहन झाला नव्हता.

सहाच का म्हणाले मी? वर्ष म्हणायला काय झालं होतं?

तिचं दूध गरम करायचंय. फ्रीज उघडवत नाही.