त्या ड्रायव्हरनं ट्रक का वळवला

प्रिय सिस्टर,

उद्या रविवार. उद्या दुपारी चार वाजता केडगावातल्या तुमच्या घराची पुढची खोली पुन्हा उघडणार आहे. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला कळायला पाहिजे, म्हणून लिहायला बसलोय. शाळेच्या पेपरातल्या पत्रानंतर माझं हे पहिलंच पत्र, आणि त्या पत्राला फारसे मार्क पडले नव्हते, तेव्हा समजून घ्या.

तुम्ही आम्हाला असं न सांगता का गेलात? आयुष्यभर दवाखान्यात नर्स होतात, दुसऱ्याच्या नुसत्या खोकल्यावरून ओळखायचात. आणि स्वतःचं दुखणं मात्र ‘पुण्याला बहिणीकडे चाललेय, दोन रविवार बैठक नाही’ एवढ्यावर उरकलंत. आम्हीही येडे. पुण्याहून येताना काय आणाल, याच्यावर पैजा लावत बसलो होतो.

मी तुमच्याकडे आलो तो राहुरीच्या नर्सरीतली रोपं पोचवायला. तुम्ही कढीपत्ता मागवला होतात. फाटकापाशी उभा राहिलो तर आत जोरात भांडण चाललेलं. मला वाटलं, शेतीची वाटणी असणार. जरा ऐकल्यावर कळलं, एका कादंबरीतल्या बाईनं नवऱ्याला सोडायला नको होतं की आणखी आधी सोडायला पाहिजे होतं, याच्यावर चाललंय! तुम्ही बाहेर आलात, रोप घेतलंत आणि मला विचारलंत, हल्ली काय ऐकतोस? टेम्पोत वाजणारं एक गाणं मी सांगितलं. तुम्ही विचारलंत, का आवडतं?

का आवडतं, असं मला कुणी विचारलंच नव्हतं हो. मी बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणालो, त्यात ढोलकी फार उशिरा येते, तोवर आपण वाट बघत राहतो, ते आवडतं. तुम्ही म्हणालात, “चप्पल काढ, आत ये.” टेम्पो चालूच होता बाहेर. पुढची रोपं घेणाऱ्या गिऱ्हाइकानं नंतर मला काय काय ऐकवलं ते सांगत नाही. विषय तो नाही.

विषय बैठकीचा. कुणी एखादा पिक्चर आणायचा, म्हणजे बोलायला. कुणी पुस्तक, कुणी गाणं. पण त्याच्या आधी तुमची ती पद्धत. सुरुवातीलाच तुम्ही विचारायचात, “कुणाला मत मागे घ्यायचंय?” मागे कधी काही बोललो असेल आणि नंतर पुन्हा बघताना, वाचताना आपलंच चुकलं असं वाटलं असेल, तर उभं राहून सांगायचं. त्यात लाज नाही, असं तुम्ही म्हणायचात, आणि सगळ्यांत जास्त वेळा तुम्हीच उभ्या राहायचात. माझ्या त्या ढोलकीच्या गाण्याला आधी तुम्ही नाक मुरडलं होतंत. पुढच्याच रविवारी उभं राहून म्हणालात, विकासचं बरोबर, वाट बघण्यातच मजा आहे. त्या दिवशी मी नगरभर टेम्पो फिरवला, काही काम नसताना.

आता जे सांगणार आहे त्यानं तुम्हाला राग येईल की हसू, मला सांगता येत नाही. तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही घाण केली.

दारात मांडव होता, पांढऱ्या साड्या नेसलेल्या तुमच्या नात्यातल्या बायका पुढं बसल्या होत्या. बुद्धवंदना झाली. मग कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला, असं माइकवरून सांगितलं. राहुरीहून आलेले आपले भाऊसाहेब उठले, ते साखर कारखान्यातले. त्यांचे डोळे आधीच भरलेले. माइक हातात घेतला आणि सवयीनं तोंडातून निघालं, “मला माझं एक मत मागं घ्यायचंय.” तो ट्रक ड्रायव्हरचा पिक्चर आठवतो ना? वर्षानं घरी आलेला ड्रायव्हर शेवटी दारापर्यंत येतो आणि आत न जाताच ट्रक वळवून निघून जातो. तुम्ही म्हणायचात, हा भित्रा शेवट आहे, दिग्दर्शकाला घरातला प्रसंग लिहिता आला नाही म्हणून त्यानं गाडी वळवली. भाऊसाहेब तुमच्याशी त्याच्यावरून किती भांडले होते! आणि आता माइकवर म्हणाले, सिस्टरचंच बरोबर होतं, तो शेवट भित्राच.

त्यांनी श्रद्धांजली म्हणूनच म्हटलं हो. पण पार्लरवाल्या रुबीनाताई जागेवरून उठल्या. “भाऊसाहेब, तुमी पिक्चर पुन्हा बगितला का? न्हाई ना? मग मत कसं बदललं? माणूस गेलं म्हणून?” भाऊसाहेब म्हणाले, ताई, इथं नको. ताई म्हणाल्या, सिस्टरसमोर खोटं बोलायचं तर इथंच नको. आणि मी, मी गप्प बसायचं ना? मी मागून, जिथं चपला होत्या तिथून ओरडलो की शेवट भित्रा नाही, पण मला पटलेला पण नाही. झालं. दोन मिनिटांत आम्ही तिघं पूर्ण रंगात. मांडवात आपण तिघंच नाही, हे आमच्या ध्यानातही नव्हतं.

तुमचा अनिलदादा आला. एकदम हळू आवाजात म्हणाला, “आई गेलीय माझी. तुम्ही पिक्चरवर भांडताय?”

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीला कुलूप. दादानं निरोप दिला की बैठक आता बंद, खोली भाड्यानं द्यायचीय. आम्हाला काय तोंड होतं बोलायला?

आम्ही बैठक पुणे रोडच्या एका हॉटेलात भरवून बघितली. ट्रकचे हॉर्न, मालकाची घाई. रुबीनाताई काय म्हणतात ते भाऊसाहेबांना ऐकू येईना, आणि ओरडून सांगितलेल्या मतात काय राम राहतो? पुढच्या वेळी भाऊसाहेब आलेच नाहीत. मग मीही विचार केला, नगरला आता कशाला थांबायचं? भंडारदऱ्याला धरणाकाठी तंबू लावायच्या कामाला माणूस पाहिजेच होता. तुम्ही भंडारदऱ्याला यायला पाहिजे होतंत एकदा. मी मागं एकदा गेलो होतो, तिथं सकाळी पाण्यावरून धूर निघाल्यासारखं दिसतं, आणि माणसं तंबूतून बाहेर यायच्या आधी मोबाईलवर गाणी लावतात. असो. कामं सोडून पुढं जायचं, हे मला जमतंच. पण या वेळी बॅग भरताना कुठंतरी अडकत होतं. आवडलेल्या गोष्टीबद्दल धड बोलता येईल अशी माझी ती एकच जागा होती, सिस्टर. ती गेली तर मी पुन्हा नुसताच गाणी ऐकणारा.

स्टँडवर निघालो आणि तुमच्या गल्लीतून गेलो. सरळ रस्ता तो नव्हता, मला माहितीये. फाटकातून दिसलं, कढीपत्ता मान टाकून उभा. बॅग ठेवली, नळाची बादली भरली, पाणी घालत होतो तेवढ्यात अनिलदादा बाहेर आला. मला वाटलं, आता हाकलणार. मी आधीच माफी मागून घेतली, मांडवातल्या दिवसाची.

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, “पण तो शेवट भित्रा न्हाई.”

मला आधी कळलंच नाही, कशाबद्दल.

“भाऊसाहेब चुकीचं बोलले. आई पण चुकीचंच बोलायची,” दादा म्हणाला. “तो ड्रायव्हर दारापर्यंत येतो, व्हय ना? आतून आवाज येतो त्याला. सगळी हसत असतात. आपण आत गेलो तर हे हसणं थांबंल, असं त्याला वाटतं. म्हणून तो वळवतो गाडी.”

सिस्टर, तो पिक्चर आपण किती वेळा उलटापालटा केला. ते हसणं आपल्यापैकी कुणाला ऐकू आलं होतं का?

मी विचारलं, दादा, तुम्हाला हे सगळं कुठून माहीत, आपली भांडणं? तो म्हणाला, मधलं दार पातळ आहे. रविवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे तो मागच्या खोलीत पडून असायचा, आणि आपण समजायचो झोपलाय. तुम्हाला एखादा पिक्चर आवडला की तो नंतर एकटा बघायचा. तुम्ही ज्याला शिव्या दिल्यात, तो आधी बघायचा.

“मग आत का नाही आलात कधी?”

“आई म्हणायची, आठवडाभर ड्युटी करतो, झोपू दे त्याला. दार ओढून घ्यायची.” मग म्हणाला, “मला कुणी विचारलं न्हाई, तुला काय आवडतं म्हणून.”

रोपं पोचवायला आलेल्या पोराला तुम्ही विचारलंत. रुबीनाताईंना, भाऊसाहेबांना, एकदा तर मीटर वाचायला आलेल्या माणसालाही विचारलंत. आणि दाराच्या पलीकडे जो रोज तुमच्या हातचं खात होता, त्याला झोपू दिलंत. मायेनंच, मला कळतंय. त्याची झोप मोडू नये म्हणून आम्हालाही हळू बोला म्हणायचात. पण सिस्टर, एकदा दार उघडून बघायचं होतंत ना.

तर मग मीच विचारलं. दादा, तुम्हाला काय आवडतं?

माझी बस गेली. त्याच्यानंतरचीही गेली. दादा बोलतच होता. एका गाण्यातली मधली ओळ त्याला का आवडते, एक पुस्तक त्यानं तीनदा अर्ध्यात का सोडलं. बोलताना तो हात तुमच्यासारखेच हलवतो, हे मी त्याला सांगितलं नाही. शेवटी तोच म्हणाला, रविवारी बोलव त्या दोघांना, खोली झाडून ठेवतो, भाडेकरू काय, मिळेल नंतर. भाऊसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, पोरा, मी तो पिक्चर आज रात्रीच पुन्हा बघतो. रुबीनाताईंनी चारची गिऱ्हाइकं दुसऱ्या वेळेला ढकलली.

भंडारदऱ्याला मी जाणार आहे, ते काम घेतलंय. पण तिथल्या मालकाला सांगितलंय, शनिवारी संध्याकाळी मी निघणार म्हणजे निघणार. तो म्हणाला, रविवारीच तर गर्दी असते. मी म्हणालो, मग पगार कमी द्या.

उद्या सगळ्यांत आधी दादा बोलणार आहे. सिस्टर, माझा शब्द घ्या, त्याचं संपेपर्यंत मी मध्ये तोंड घालणार नाही. तुमच्या बाजूनंसुद्धा नाही. त्याचं सगळं ऐकून झालं की मग मात्र त्याच्याशी भांडेन, अगदी तुमच्याशी भांडायचो तसा. कारण हसणं ऐकू आलं तरी त्या ड्रायव्हरनं आत जायलाच पाहिजे होतं.

तुमचा,
विकास