उपाशी जिवाणू काय करतात

माय, काल मी डॉक्टर झाले. सुई टोचणारी नव्हे, जिवाणूंवर प्रबंध लिहिणारी. चव्वेचाळिसाव्या वर्षी!

एमएस्सीच्या सुट्टीत मी घरी आले होते तो दिवस मला अजून दिसतो. मुर्रीच्या शाळेत तू पोरांची खिचडी रांधते आहेस, मी चुलीजवळ बसून सांगते आहे की आम्ही बाटलीतल्या जिवाणूंचं अन्न बंद करतो आणि बघत राहतो. तू ढवळणं थांबवलंस. "त्या जिवाइले उपाशी काऊन ठेवून राहिली वो? उपाशी मानूस का करते, ते मले इचार. पयले काम कमी करते, जीव राखते. खायले भेटलं का लगेच धावत नाही, आंधी हातपाय सावरते." मी हसले. तू हसली नाहीस.

दोन वर्षांनी तू गेलीस. मी गोंदियाच्या कॉलेजात परीक्षानळ्या धुणारी सहायक झाले, आणि पुष्कळ वर्षं तीच राहिले. मग पीएचडीला नाव नोंदवलं, जवळच्याच गोरेगावकडच्या धानाच्या बांधीतल्या चिखलातून एक जिवाणू वेगळा केला आणि त्यालाच धरून बसले. पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, रायबोसोम. अन्न भरपूर असलं की जिवाणू ते धडाधड बांधतो. अन्न संपलं की पेशीत एक छोटा रेणू साठतो आणि नव्या कारखान्यांचं बांधकाम थांबवतो. माझा जिवाणूही असंच करतो का, हे मला दाखवायचं होतं. दोन वर्षं आकडे जुळेनात. मार्गदर्शक म्हणाल्या, "विषय बदल दो, मैडम." मी नाही बदलला.

काल भरल्या सभागृहात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "बांधकाम थांबलं म्हणता, जिवाणू मेलेच नसतील कशावरून?" मी पुढचा आलेख लावला. पुन्हा अन्न दिल्यावर आधी रायबोसोम वाढले, पेशी फुगल्या, आणि मगच एकीच्या दोन होऊ लागल्या. मेलेला जीव असं करत नाही, सर. ते स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. माय, अख्खं सभागृह उभं राहिलं! नळ्या धुणाऱ्या माझ्या दोघी सोबतिणी मागून शिट्ट्या मारत होत्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. वसतिगृहात होते तेव्हाही तुला एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता म्हणून नव्हे. तू पत्र शेजारणीकडून वाचून घेशील, याची मला लाज वाटायची.