थर्झाचा दीड महिना

नेब्रास्का, १२ ऑक्टोबर १९६८

प्रिय आई, तुझ्या लिओनाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. गाडी वाटेत एकदाच बंद पडली. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

तुझ्या आजीचे, थर्झाचे, जमिनीचे कागद कचेरीत सापडले. पाच वर्षं तिथंच राहिल्याशिवाय सरकार जमीन नावावर करत नसे, म्हणून तिला शपथेवर विचारलंय, "जमीन सोडून कुठं गेला होतात?" ती म्हणते, "एकदा. १८८६च्या हिवाळ्यात, दीड महिना."

म्हणजे विधवा बाई पोरं सासूच्या गळ्यात टाकून गेली, हे खरंच होतं. मला पुढचं वाचवेना.

पण खाली शेजारच्या नोवोत्नींची साक्ष आहे. "माझी बायको आणि चारी मुलं घटसर्पानं आजारी होती. या बाईंनी आमच्याकडे राहून त्यांचं सगळं केलं. आपल्या पोरांना लागण नको म्हणून घरी पाऊल टाकलं नाही."

सासूनं यातलं अर्धंच सांगितलं, आणि आपण तेवढंच धरून बसलो.

नोवोत्नींची नात लुडमिला अजून त्याच शेतावर राहते. मी तिच्याकडेच उतरलेय. खसखशीचे गोड पाव वाढता वाढता म्हणाली, "त्या चौघांतला धाकटा माझा बाप. आणि तुम्ही तिला नावं ठेवत होतात होय? घे, अजून एक खा."

आई, मी रुसून निघाले की तू म्हणायचीस, "थर्झावर गेलीस."

तिचा फोटो ट्रंकेतून काढून ठेव. खिळा मी आल्यावर ठोकते, तू स्टुलावर चढू नकोस.

थर्झावर गेलेली,
तुझी लिओना